सावकाश वाहणारे पाणी
(चंडीगड येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते अभियंते होते आणि त्यांची सारी उमेद मलनिस्सारणाच्या कामात खर्ची पडली. शहरात पाणी आणणाऱ्याचा सत्कार होतो, वापरलेले पाणी बाहेर नेणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही. म्हणून त्यांच्या नावाने बोलताना या दुसऱ्या पाण्याबद्दल बोलावे असे मी ठरवले.

चंडीगडच्या पाण्याची हकीकत जरा विलक्षण आहे. हे शहर पाणी पिते ते मुख्यतः सतलजचे. मोरिंड्याजवळ कजौली येथे भाक्रा कालव्यातून ते उचलले जाते आणि मोठ्या नळांतून इथवर येते. वापरून झाल्यावर मात्र ते सतलजकडे परतत नाही, इथल्या ओढ्यांतून घग्गरला मिळते. एका नदीकडून घ्यायचे आणि दुसरीच्या पदरात टाकायचे, असा हा व्यवहार आहे. ही दुसरी नदीही साधीसुधी नाही. घग्गर हिमाचलातल्या शिवालिक टेकड्यांत उगम पावते, पंचकुल्यावरून पंजाब-हरियाणाच्या सीमेवर वळणे घेत सिरशाकडे जाते आणि राजस्थानच्या वाळूत जिरते. समुद्र तिच्या नशिबी नाही. गोदावरीत किंवा तापीत आपण जे सोडतो ते निदान एके दिवशी खाडीला लागते. घग्गरमध्ये सोडलेले वाटेवरच्या शेतांत, विहिरींत आणि जमिनीखालच्या पाण्यातच राहते. पावसाळा संपला की या नदीत टेकड्यांचे पाणी थोडे आणि शहरांनी सोडलेले पाणी जास्त, अशी स्थिती असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचे नाव आहे.

अशा नदीला मदत कुणाची होऊ शकते? शुद्धीकरण प्रकल्पांची, हे उघड आहे. पण प्रकल्प नव्हते तेव्हाही हजारो वर्षे नद्यांच्या काठी माणसे, गुरे, गावे होती आणि नद्यांचे पाणी पिण्याजोगे राहत होते. वस्ती विरळ होती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या दलदली, गवताळ पाणवठे, पुराच्या पाण्याने भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे सखल पट्टे. या सगळ्यांना आपण आता पाणथळ म्हणतो. आजचा विषय या पाणथळांचा आहे, आणि माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पाणथळ पाणी स्वच्छ करते ते जागा आणि वेळ या दोन गोष्टींच्या जोरावर, आणि आपली शहरे नेमक्या याच दोन गोष्टी पाण्याला द्यायला तयार नाहीत.

पाणथळ नेमके काय करते

वाहते पाणी निर्मळ आणि साचलेले घाण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात तथ्य आहे. खळाळते पाणी हवेतला प्राणवायू घेते आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. पण मैला मिसळलेल्या नदीच्या बाबतीत हा समज आपल्याला चकवतो. वेगाने जाणारे पाणी घाण जितकी पचवते त्याहून जास्त पुढच्या गावाच्या दारात नेऊन टाकते.

गाळाचेच उदाहरण घ्या. स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो याचे गणित 19व्या शतकातच मांडले गेले. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढ्या जाडीचा कण एक मीटर खोल पाण्यात तळाशी जायला साधारण 3 तास घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा, म्हणजे चिकणमातीचा बारीक कण, तेवढ्याच अंतराला 12-13 दिवस लावतो. वाहत्या नदीत त्याला एवढी उसंत कधीच मिळत नाही. पण पाणी फूटभर खोलीच्या पाणथळात पसरले की अंतर एक तृतीयांश होते आणि 12 दिवसांचे काम 4 दिवसांवर येते. शिवाय दाट उभ्या देठांमुळे वारा पाणी ढवळू शकत नाही आणि देठांवरच्या बुळबुळीत थरालाच कितीतरी कण चिकटून राहतात. घाणीतला बराच भाग अशा कणांवर स्वार होऊन आलेला असतो. जंतू, स्फुरद, जड धातू मातीच्या कणाला धरून प्रवास करतात. कण बसला की तेही बसतात.

पाण्यात विरघळलेली घाण मात्र अशी बसत नाही. ती खावी लागते, आणि ते काम जिवाणूंचे. पाणकणीस आणि नळ या वनस्पतींना आपण पाणी शुद्ध करणाऱ्या म्हणतो, पण त्यांचे मोठे काम स्वतः घाण शोषण्याचे नसते. त्यांच्या देठांत वरपासून मुळापर्यंत पोकळ्या असतात. त्या वाटेने हवा खाली जाते आणि मुळांभोवतीच्या काळ्या, प्राणवायू संपलेल्या चिखलात थोडी झिरपते. त्यामुळे प्रत्येक मुळाभोवती काही मिलिमीटरचा असा पट्टा तयार होतो, जिथे हवेवर जगणारे जिवाणू राहतात. त्याच्या लगेच पलीकडे हवेवाचून जगणारे राहतात. देठ, मुळे, कुजलेली पाने यांच्या पृष्ठभागावर या जिवाणूंची दाट वस्ती असते. वनस्पती त्यांना घर आणि हवा पुरवते, घाण ते खातात.

नत्राच्या बाबतीत हे शेजार किती मोलाचे आहे पाहा. मैल्यातले नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात येते. मुळाजवळच्या हवेशीर पट्ट्यातले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते नायट्रेट दोन पावले सरकून काळ्या चिखलात शिरले, की तिथले जिवाणू त्यातला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेले नत्र वायू होऊन हवेत निघून जाते. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के हाच वायू आहे. म्हणजे घाण एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवली असे होत नाही, ती खरोखर संपते. यंत्राने हे करायचे तर हवेच्या आणि बिनहवेच्या वेगवेगळ्या टाक्या बांधाव्या लागतात आणि पंप चालवावे लागतात. पाणथळात दोन्ही टाक्या एका मुळाच्या अंतरावर असतात.

स्फुरदाचे तसे नाही. त्याला वायू होऊन उडून जाता येत नाही. ते मातीतल्या लोह, ॲल्युमिनियम आणि चुन्याला चिकटते, काही वनस्पतींच्या अंगात जाते. मातीची चिकटवून घेण्याची ताकद संपली की पाणथळ भरले म्हणायचे. तळाशी प्राणवायू उरला नाही तर आधी धरून ठेवलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. म्हणून गवत वेळच्या वेळी कापून बाहेर नेणे आणि काही वर्षांनी गाळ काढणे भाग असते. जंतूंचा नाश उन्हाने होतो, उपासमारीने होतो आणि त्यांना खाणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळेही होतो. या तिन्हींना लागतो वेळ.

हे ज्ञान आपल्या घरांना अगदीच परके नव्हते. देशावर काय किंवा कोकणात काय, मोरीचे पाणी परसात जिथे पडे तिथे अळू, केळ, कर्दळ लावलेली असे. त्यामागे शास्त्राचा ग्रंथ नव्हता, पण पाणी वासमारे होऊन अंगणात साचत नाही एवढा अनुभव होता. वनस्पतींच्या मुळांभोवती सांडपाणी शुद्ध करण्याच्या मूळक्षेत्र पद्धतीच्या आराखड्यांत आज त्याच कर्दळीला मानाचे पान आहे. या अनुभवाचे शास्त्र 1950च्या दशकात जर्मनीत झाले. प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत केथे सायडेल या संशोधिकेने पाणगवताच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग मांडले. फिनॉलसारखी विषारी द्रव्ये असलेल्या पाण्यातही हे गवत तग धरते आणि पाण्यातली द्रव्ये कमी होतात, हे त्यांनी दाखवले. त्या प्रयोगांपासून निघालेली कृत्रिम पाणथळे पुढे युरोपभर पसरली. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड ही पद्धत विकसित केली.

दोन चोंच्या मधले शहर

आता चंडीगडकडे वळू. शिवालिकच्या पायथ्याशी पावसाळ्यात धावणाऱ्या आणि एरवी कोरड्या वाळूच्या पट्ट्यासारख्या पडून राहणाऱ्या ओढ्याला इथे चो म्हणतात. शिवालिकचा दगड कच्चा आहे, वाळू, माती आणि गोटे यांचा. झाडी गेली की पहिल्याच पावसात टेकडी खाली येते. इंग्रज सरकारला यासाठी 1900 मध्ये पंजाबात खास कायदा करावा लागला. त्या कायद्याच्या नावातच हे चो होते. चंडीगडची जागा निवडली गेली ती अशा दोन प्रवाहांच्या मधली. पश्चिमेला पटियाला की राव, पूर्वेला सुखना चो. तिसरा, एन-चो, शहराच्या पोटातून जातो. नगररचनाकारांनी त्याच्या काठची सखल जमीन बांधकामाला न देता तिथे बागांची साखळी केली. झाकीर हुसेन गुलाबबाग त्याच साखळीत आहे.

हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो. बहुतेक शहरांनी आपले ओढे बुजवले किंवा सिमेंटच्या नळ्यांत कोंबले. पुण्यातले आणि मुंबईतले ओढेनाले आठवून पाहा. चंडीगडने निदान वाट मोकळी ठेवली. पण बाग झाली ती माणसांना फिरण्यासाठी. पाण्यालाही इथे रेंगाळायचे आहे, असे कुणाच्या मनात आले नाही. काठ सरळ झाले, हिरवळ कापलेली राहिली, दलदल म्हणजे अव्यवस्था मानली गेली. पुढे वस्ती वाढली आणि सांडपाणी कुठून कुठून या चोमध्ये येऊ लागले. आज हे पाणी मोहालीकडे जाते आणि शेवटी घग्गरला मिळते. सुखना चो त्याच नावाचा तलाव सोडून औद्योगिक वसाहतीच्या बाजूने बलटाणा, झिरकपूरकडे निघतो. पटियाला की रावच्या बाजूला दड्डूमाजऱ्याचा कचऱ्याचा डोंगर आहे. तिघांच्याही वाटेवर पाणी क्षणभर पसरेल, गवतातून गाळून निघेल, असे ठिकाण आता जवळपास उरलेले नाही.

सुखना आणि सुखोमाजरी

सुखना तलाव नैसर्गिक नाही, हे इथे बसलेल्या सर्वांना माहीत आहे. शहराचे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्या योजनेप्रमाणे 1958 मध्ये सुखना चो अडवून तो तयार झाला. तरीही पाणथळांचा धडा शिकायला त्याच्याइतके चांगले पुस्तक जवळपास नाही, कारण त्याचा पहिला शत्रू गाळ होता. टेकड्यांवरून आलेल्या मातीने पहिल्या 30 वर्षांत तलावाच्या मूळ साठवणक्षमतेचा जवळपास दोन तृतीयांश भाग खाल्ला. सुरुवातीला सुमारे 3 चौरस किलोमीटर असलेला पाण्याचा विस्तार निम्म्यावर आला. 1988 मध्ये केंद्र सरकारने सुखनाला राष्ट्रीय पाणथळांच्या यादीत घेतले आणि त्याच वर्षी चंडीगडकर फावडी-घमेली घेऊन श्रमदानाला उतरले. हजारो हातांनी गाळ उपसला. पण तळ्यातला गाळ काढणे आणि तळ्यात गाळ येऊ न देणे, यांत दुसरे काम कितीतरी मोठे.

ते दुसरे काम इथून तीसेक किलोमीटरवर, आज हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात असलेल्या सुखोमाजरी गावात झाले. 1970च्या दशकात मृदा व जलसंधारण संशोधन केंद्राच्या चंडीगड शाखेचे प्रमुख पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत टेकड्यांत पोहोचले. गाळात मोठा वाटा उघड्याबोडक्या, शेळ्यामेंढ्यांनी चरून संपवलेल्या उतारांचा होता. नुसते ‘चराई बंद करा’ म्हणून गाव ऐकणार नव्हते. मिश्रांनी गावापुरते लहान मातीचे बंधारे बांधले, तेव्हा शेताला पाणी मिळू लागले. मग बंधाऱ्यात गाळ नको म्हणून गावकऱ्यांनी स्वतःच उतारावरची गुरे आवरली. पाण्याचा वाटा प्रत्येक घराला मिळाला, जमीन नसलेल्या घरालाही. ज्याला शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा, मोबदला घ्यावा. टेकडीवर भाभर गवत आले, झाडे आली आणि गाळाचे प्रमाण घटले.

आपल्यापैकी अनेकांना इथे पुरंदर तालुक्यातले नायगाव आठवले असेल. 1972च्या दुष्काळानंतर त्याच दशकात विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. तिथेही पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नव्हता, घरातल्या माणसांवर होता, आणि भूमिहीनांना त्यात स्थान होते. एकमेकांपासून हजारभर मैलांवरच्या दोन गावांना एकाच काळात सारखेच उत्तर सापडले. तळ्याचे भाग्य त्याच्या काठावर ठरत नाही, वरच्या गावांत ठरते. आणि वरच्या गावाला फायद्यात वाटा दिल्याशिवाय ते आपल्यासाठी काही राखणार नाही.

सुखनाचे पाणलोट आज चंडीगड, पंजाब आणि हरियाणा या तीन शासनांच्या हद्दीत विभागले आहे. टेकड्यांवर लहान बंधाऱ्यांची मालिका आहे, 1998 मध्ये अभयारण्यही झाले. धोका आता शेळ्यांपासून कमी आणि बांधकामांपासून जास्त आहे. या बांधकामांचा वाद पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात अनेक वर्षे चालला आणि 2 मार्च 2020 रोजी न्यायालयाने सुखनाला सजीव व्यक्तीचा कायदेशीर दर्जा देणारा निकाल दिला. या निकालाबद्दल कायदेपंडित काय ते बोलतील. मला त्यातून एवढेच दिसते, की तीन सरकारांनी आपसात बसून जे ठरवायचे होते ते न्यायालयाला सांगावे लागले.

पाणथळ हरते ती ठिकाणे

आतापर्यंत मी पाणथळांची बाजू मांडली. पण त्यांचे गुणगान ऐकून कुणी उठून म्हणेल, मग सोडा सगळे सांडपाणी दलदलीत, खर्चही वाचेल. असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्यामुळेच पाणथळे मरतात.

पंजाबातले हरिके घ्या. बियास आणि सतलज यांच्या संगमावर 1950च्या दशकाच्या सुरुवातीला धरणबांध झाला, त्याच्या मागे विस्तीर्ण पाणथळ तयार झाले आणि 1990 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आले. हिवाळ्यात तिथे पाखरांची जत्रा भरते. पण सतलजमधून तिथे येणाऱ्या पाण्यात लुधियान्याच्या बुढ्ढा नाल्याचा वाटा असतो, म्हणजे मैला तर असतोच, शिवाय रंगाईचे आणि धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी. क्रोमियम, निकेल यांचे जिवाणू काही करू शकत नाहीत. हे धातू फार तर काळ्या चिखलात गंधकाशी बांधले जाऊन बसतात, आणि चिखल उघडा पडला, सुकला की पुन्हा सुटू शकतात. पाणी वरून थोडे निवळलेले दिसते, विष खाली साठत जाते. मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर तिथे जलपर्णी माजते. ती पाण्यावर झाकण घालते, मग प्रकाश नाही, प्राणवायू नाही, आणि ज्या जिवाणूंच्या भरवशावर सारे चालले होते त्यांचाच श्वास कोंडतो. हरिकेवरून निघणारे कालवे राजस्थानच्या वाळवंटापर्यंत पिण्याचे पाणी नेतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न फक्त पक्ष्यांचा राहत नाही.

महाराष्ट्रातही हेच चित्र आहे. नांदूर मधमेश्वर हे आपले पहिले रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या जुन्या बंधाऱ्यामागे ते तयार झाले. गोदावरी तिथे पोहोचते ती नाशिक शहर ओलांडून. तिथल्या जलपर्णीकडे पाहिले की शहराच्या सांडपाण्याचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो.

क्षार हा आणखी एक अडथळा. पाणथळ मीठ काढू शकत नाही. उलट उन्हात पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून दाट होतात. थंडी हा तिसरा. तापमान 10 अंशांनी उतरले की जिवाणूंचे काम अंदाजे निम्मे होते. चंडीगडच्या जानेवारीत हे विसरून चालणार नाही. मुंबईत किंवा कोकणात जे पाणथळ बारमाही काम करील, तेच इथे हिवाळ्यात मंदावेल.

हे सगळे खरे असूनही पाणथळांवर विसंबून मोठी शहरे चालली आहेत. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे 12,500 हेक्टरांच्या पाणथळांत शहराचे सांडपाणी उथळ मासेतळ्यांतून फिरते. तिथे ऊन आणि शेवाळ ते निवळवतात, मासे पोसले जातात, पुढे भाजी आणि भात पिकतो. या व्यवस्थेचा अभ्यास आणि बचाव ध्रुबज्योती घोष यांनी आयुष्यभर केला आणि 2002 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. पण ती टिकली ती तळ्यांत रोज राबणाऱ्या कोळ्यांमुळे. किती पाणी कधी आत घ्यायचे आणि कधी थांबवायचे हे त्यांना कळते. पाणथळ सोडून दिले की चालत नाही, ते चालवावे लागते.

पंजाबात काली बेईंचे उदाहरण याच जातीचे. सुमारे 160 किलोमीटरची ही नदी, शिखांच्या दृष्टीने गुरू नानकांमुळे पवित्र, गटार होऊन बसली होती. 2000 मध्ये संत बलबीर सिंग सीचेवाल यांनी कारसेवा सुरू केली. लोकांनी जलपर्णी आणि गाळ हातांनी काढला, घाट बांधले. पण त्यांचे खरे काम पुढचे होते. काठच्या गावांचे सांडपाणी नदीत पडू न देता त्यांनी ते गावातल्या तळ्यांत वळवले, निवळू दिले आणि शेताला दिले. नदीला मिळणारी घाण तोडली नसती तर नुसती सफाई टिकली नसती, हे महत्त्वाचे.

हिशेब

आता चंडीगडपुरता एक हिशेब मांडतो. युरोपात घरगुती सांडपाणी पूर्णपणे कृत्रिम पाणथळाने शुद्ध करायचे तर माणशी सुमारे 5 चौरस मीटर जागा धरतात. प्रकल्पात आधीच शुद्ध झालेल्या पाण्यावर शेवटचा हात फिरवायचा असेल तर माणशी 1 चौरस मीटरच्या आसपास पुरते. 2011च्या जनगणनेत चंडीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांहून किंचित जास्त होती. पहिल्या मापाने जागा लागेल 5 चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे सुखना नवा कोरा होता तेव्हाच्या विस्तारापेक्षा किती तरी अधिक. 114 चौरस किलोमीटरांच्या शहरात एवढी जमीन सांडपाण्यासाठी कुणी देणार नाही, आणि द्यावी असे मी म्हणतही नाही. दुसऱ्या मापाने लागेल साधारण 1 चौरस किलोमीटर. ही जागा एका ठिकाणी नको. तीन चोंच्या काठांवर, चंडीगडपासून घग्गरपर्यंत, पट्ट्यापट्ट्यांनी ती मिळू शकते. माप युरोपातले आहे. इथला उन्हाळा आपल्या बाजूने आहे, हिवाळा थोडा विरोधात.

या हिशेबातून मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, क्रम. कारखान्याचे पाणी आणि कचऱ्याच्या ढिगाचा निचरा पाणथळात कधीही येता कामा नये, तो उगमाशीच अडवला पाहिजे. मैला आधी प्रकल्पात जावा. पाणथळ या साखळीतली शेवटची कडी असावी, पहिली नव्हे. जिथे नेत्यांच्या भाषणात ती पहिली झाली, तिथे ती काही वर्षांत गटार झाली आहे.

दुसरी, निगा. नळ आणि पाणकणीस दरवर्षी कापून बाहेर न्यायला हवे, नाही तर त्यांनी शोषलेले पुन्हा कुजून पाण्यात येते. डासांची तक्रार होईल, ती रास्त आहे. पण डास वाढतात ते अडलेल्या, माशांविना पडलेल्या घाण पाण्यात. मंद पण सतत सरकणाऱ्या पाण्यात, जिथे मासे आणि चतुर आहेत, तिथे ते आवाक्यात राहतात. त्यासाठी पाण्याची पातळी राखणारा माणूस पगारावर असावा लागतो. बागेच्या माळ्याला आपण देतोच ना!

तिसरी, तिन्ही शासनांचा एकच हिशेब. चंडीगडहून निघालेले पाणी मोहालीत कसे पोहोचते आणि घग्गरला मिळताना कसे असते, हे तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने मोजले जावे आणि आकडे दर महिन्याला लोकांसमोर यावेत. आजच्या स्थितीत वरचा म्हणतो, आम्ही शुद्ध सोडतो, आणि खालचा म्हणतो, आमच्याकडे येते तेच घाण. मधल्या मध्ये नदीची सुनावणी होत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, जमिनीची. पंजाब-हरियाणाच्या जमाबंदीत चो आणि जोहड, म्हणजे गावतळी, लागवडीला निरुपयोगी म्हणून नोंदलेले असतात. आपल्या सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराबा होते. उत्पन्न शून्य दाखवलेली जमीन वसाहतीसाठी, रस्त्यासाठी, कचऱ्यासाठी सर्वांत आधी उचलली जाते, आणि पाण्याला पसरायला लागणारी जागा नेमकी तीच असते. या जमिनीच्या नोंदीत तिचे काम लिहिले गेले पाहिजे. किती पाणी ती रोज निवळवते आणि तेच काम प्रकल्पाने करायचे तर वीज किती लागेल, एवढे लिहिले तरी पुरे. मग तिचा सौदा करताना अधिकाऱ्याला दोन वेळा विचार करावा लागेल.

श्रोतेहो, चंडीगड हे शहर आखून वसवलेले आहे, आणि आखणीत चूक दुरुस्त करता येते. एन-चोच्या काठची सखल जमीन अजून सरकारी आहे, अजून मोकळी आहे. पुण्या-मुंबईत अशी संधी उरलेली नाही. तिथे नदीकाठी पाणथळ आणायचे तर आधी सिमेंट फोडावे लागेल. इथे फक्त गवत कापणे थांबवून, काठ थोडे तिरके करून आणि पाण्याला दोन वळणे जास्त देऊन सुरुवात करता येईल. खर्च फार नाही. अडचण आहे ती आपल्या मनात, कारण दलदल दिसणे म्हणजे शहर मागासलेले, असे आपण धरून बसलो आहोत. हा समज आधी नागरिकांनी सोडला तर प्रशासनाला तो सोडणे सोपे जाईल. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत कुणी एन-चोच्या एखाद्या अर्ध्या किलोमीटरचे पाणी मोजून, वरचे आणि खालचे आकडे घेऊन उभे राहिले, तर माझ्या आजच्या बोलण्यापेक्षा ते कितीतरी अधिक उपयोगाचे होईल. त्या कामाला इथल्या महाविद्यालयांनी आणि आपल्या मंडळींनी हात लावावा, अशी विनंती करून मी थांबतो.